स्वर्गवासी लेखकाची परवानगी

चहा ओता आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यातला नाही. आणि मध्ये हसायचं नाही हं, कारण ज्याची फजिती झाली तो मी आहे आणि मला अजून त्याचं हसू येत नाही. तर ऐका. मी एक चांगला धडधाकट, चालता-बोलता माणूस मारला. सुरीनं नाही, विष घालून नाही. पेनानं! तेही कंटाळा आला म्हणून!

हो, कंटाळा. लोक रागानं मारतात, जमिनीसाठी मारतात. मी कंटाळून मारला. आमच्या सुमनला, म्हणजे बायकोला विचारा. ती म्हणते, "तुम्ही काम करून थकत नाही, काम टाळून थकता." असेल बाबा. भांडायचाही मला कंटाळा येतो.

तेव्हा मी पेडण्यातल्या आमच्या गावच्या पंचायतीत कारकून होतो. जन्म-मृत्यूचं रजिस्टर माझ्याकडे. आणि त्याशिवाय मी गावच्या नाट्यमंडळाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला आमच्याकडे चिटणीस करतात. पडदा फाटला, बोलवा दिगंबरला. पेटीवाला रुसला, बोलवा दिगंबरला. सासूचं काम करणाऱ्याला मिशी काढायची नाही, दिगंबर समजावेल. मी समजावून समजावून पस्तिशीतच म्हातारा झालो होतो.

दिवस कसले, तर गोव्याचं नुकतंच घटक राज्य झालं होतं आणि भाषेवरून घराघरात दोन चुली पेटल्या होत्या. चहाच्या दुकानात मराठीवाले जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, बसायचे, कोंकणीवाले दारापाशी. मी मधल्या बांकावर. दोन्हीकडचे मला आपला समजत नव्हते. पण जत्रा आली की सगळे एक. देवीच्या जत्रेला गावच्या माणसांनी गावच्या मांडवात मराठी नाटक करायचं, हे आमच्याकडे जेवणाइतकं ठरलेलं. कोंकणीवाला शाबी दिवसभर मराठीवाल्यांशी भांडायचा आणि संध्याकाळी तालमीला येऊन मराठीत थोरल्या भावाचं भाषण ठोकायचा. कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आता नाटक आणायचं कुठून? छापील पुस्तक कोण विकत घेतो! आमच्याकडे वही फिरायची. या गावानं त्या गावाकडून वही मागायची आणि हातानं नकलून घ्यायची. नकलताना जे आवडलं नाही ते गाळायचं, विनोद सुचला तर तो घालायचा. दहा गावं फिरून वही परत येईपर्यंत तिच्यात दोन जास्तीच्या सासवा आणि एक हवालदार घुसलेला असायचा. आणि लेखकाचं नाव? ते पहिल्या पानावर असतं हो. वहीचं पहिलं पानच सगळ्यात आधी फाटतं.

'धाकल्याचा वाटा' हे असंच फिरणारं नाटक. तीन अंकी, सामाजिक. थोरला भाऊ धाकट्यावर चोरीचा आळ घेतो, त्याला गावासमोर घराबाहेर काढतो आणि त्याचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, गिळतो. पेडण्यात, डिचोलीत, कुठे झालं नाही ते नाटक! बायका पदर भिजवायच्या. जाहिरातीवर लेखकाच्या जागी मात्र कुठे 'एक नाट्यप्रेमी', कुठे दिग्दर्शकाचं नाव. एका गावानं तर पेटीवाल्याचं छापलं होतं, कारण त्यानं पेटी फुकट वाजवली होती.

डिचोलीकडच्या एका मंडळाकडून ती वही मी मिळवली. त्यासाठी त्यांना आमचा जंगलाचा पडदा वापरायला द्यावा लागला, तो अजून यायचाय. मग अकरा दिवस पंचायतीत बसून, मृत्यूच्या रजिस्टराखाली लपवून, मी तीन अंक नकलले. बोटाला घट्टे पडले. वहीची शेवटची चार पानं वाळवीनं खाल्ली होती, म्हणून शेवट मी स्वतः लिहिला. दोघे भाऊ मिठी मारतात, मग सगळी पात्रं देवीची आरती म्हणतात. मला तो फार आवडला होता. आणि वहीच्या कव्हरावर लाल शाईनं लिहिलं, 'नक्कल मिळणार नाही. हुकुमावरून.' हुकूम कोणाचा? माझाच!

सगळं ठीक चाललं होतं. पण शेजारच्या गावाला एका मोठ्या शहरातल्या लेखकाचं रजिस्टर पत्र आलं. 'माझं नाटक माझ्या परवानगीशिवाय केलंत, आता उत्तर द्या.' तिथल्या अध्यक्षांनी ते पत्र वाचून दोन दिवस अंथरूण धरलं. आणि आमच्या अध्यक्षांना, पुंडलिकबाबांना, तिथपासून घोर लागला.

"दिगंबर, लेखकाची परवानगी घेतली मरे?"

देवळात विचारायचे. पोदेराकडून उंडे पाव घेताना विचारायचे. मी न्हाव्याकडे, गालाला साबण लावलेला, वस्तरा गळ्यावर, आणि दारातून पुंडलिकबाब, "परवानगी घेतली मरे?"

मी वही चाळली. दुसऱ्या अंकात एका पानाच्या कडेला, फिकट शाईत, उभं लिहिलेलं सापडलं, 'यशवंत मास्तर, साखळी'. बस्स, एवढंच. लेखक हाच असणार, असं मी धरून चाललो. आमचा रमाकांत पेडणे-म्हापसा-साखळी बसवर कंडक्टर. नाटकात धाकट्या भावाचं काम त्याचंच. त्याला म्हटलं, "साखळीत यशवंत मास्तर म्हणून कोण आहे का बघ रे."

"म्हाताऱ्यांची चौकशी करीत बस चलवू?" तो म्हणाला. "आसतलो खंय तरी. ना जाल्यार गेलो आसतलो."

गेलो आसतलो! म्हणजे मेला असेल! बघा, हे त्याचं वाक्य. मी म्हणत नाही की दोष त्याचा. पण बी त्यानं टाकलं.

दोन दिवसांनी म्हापशाच्या छापखान्यातून जाहिरातीचा कच्चा कागद आला. त्या दिवशी पुंडलिकबाबांनी सकाळपासून तीन वेळा विचारलं होतं. मी कागद घेऊन बसलो, तर दारातून चौथ्यांदा, "दिगंबर..." आणि काय झालं मला कोण जाणे! हातात पेन होतंच. 'लेखक: यशवंत मास्तर' असं होतं, त्याच्या आधी मी लिहिलं, 'कै.' एक अक्षर आणि एक टिंब. एवढ्यात माणूस मेला. पंचायतीत तर मला चार रकाने भरावे लागायचे.

पुंडलिकबाबांनी कागद नाकाजवळ धरला.

"अरेरे! गेले ते? केन्ना?"

"झाली दोनेक वर्षं."

"कशान?"

"दम्यानं," मी म्हटलं. मला स्वतःलाच तेव्हा धाप लागली होती.

"मग परवानगी?"

"पुंडलिकबाब, मेलेल्या माणसाची कसली परवानगी? लेखक गेला की नाटक सगळ्या गावाचं."

हे मी अशा थाटात सांगितलं की जणू कायदा मीच लिहिलाय. खरं म्हणजे तसं नसतं. माणूस गेला तरी त्याच्या लिखाणाचा हक्क घरच्यांकडे पुष्कळ वर्षं राहतो, हे मला मागाहून कळलं. आणि कायदा मी म्हणालो तसा असता, तरी काय? लेखक खरोखर मेलेला तरी नको होता का? पण पुंडलिकबाबांचा चेहरा असा मोकळा झाला, की मलाही वाटलं, सुटलो. चार दिवस मी शांत झोपलो. खून पचला की झोप लागते म्हणतात.

पाचव्या दिवशी पुंडलिकबाब परत दारात. डोळ्यांत पाणी!

"दिगंबर, बरो मनीस रे तो. हांव वळखतालों ताका. नाटकाआधी श्रद्धांजली घालूया. दोन मिनिटां उबे रावूया. तू फोटो मेळय, हार घालूया."

ओळखत होते म्हणे! ही गंमत बघा. माणूस जिवंत असेपर्यंत त्याला गावात कोणी ओळखत नव्हतं. आता मेल्यावर जो तो आठवणी सांगायला लागला. कोणी त्यांना फोंड्याच्या उत्सवात पाहिलं होतं, कोणी त्यांच्याकडून तपकीर घेतली होती. त्यात शाबी उठला. म्हणाला, "पुंडलिकबाब मराठीच्या वतीन उलयतले जाल्यार हांव कोंकणीच्या वतीन उलयतलों. मास्तर घरांत कोंकणीच उलयतालो. ताका फक्त तुमचो करू नाकात." झालं! मेलेल्या माणसाच्या घरात कुठली भाषा बोलत होते यावर तालमीत दीड तास वाद. मी पडद्याच्या दोरीला टेकून ऐकत होतो. खोटं एक बोललो होतो, पण निस्तरायला सगळा गाव बसला होता.

आणि जाहिराती? त्या रमाकांतनं बसमध्ये दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि उरलेल्या साखळीच्या बस स्टँडवर चहावाल्याला दिल्या. मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात पळालो असतो.

जत्रेचा दिवस. दुपारी चारचा सुमार. मी शिडीवर, तोंडात खिळे, पडदा ठोकतोय. खाली एक म्हातारा येऊन उभा. पांढरं धोतर, काळा कोट, काखेत छत्री, हातात काठी, खांद्याला पिशवी. दोन बसा बदलून आलेल्या माणसाचा चेहरा.

"नाट्यमंडळाचे चिटणीस कोण?"

"मीच." खिळे तोंडात असल्यामुळे त्यांना ते ऐकू गेलं नसावं, मी खाली उतरलो.

"मी साखळीहून आलो. यशवंत मास्तरांच्या घरचा."

मेलो, म्हटलं मनात. पण 'घरचा' म्हणाले, 'मीच' म्हणाले नाहीत. म्हणजे माणूस खरोखर गेलाय! केवढा सुटकेचा श्वास सोडला मी! देवानंच लाज राखली असं वाटलं. कोणाच्या मरणानं मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"भाऊ का तुम्ही त्यांचे?"

"भावाहून जवळचा म्हणा," ते म्हणाले.

मी लगबगीनं बसायला कदेल आणलं, चहा मागवला, उंडो आणि पातळभाजी मागवली. आणि मग, निर्लज्जपणाची कमाल बघा, विचारलं, "मास्तरांचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडे? हार घालायचाय."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक जुना फोटो काढला. तरुण माणूस, दाट केस, शाळामास्तरी टाय. "हा चालेल? त्यानंतर काढलेला नाही."

"छान आहे! तुमच्यासारखेच दिसतात हो," मी म्हणालो. म्हणालो मी असं! देवाशपथ!

चहा झाला. म्हाताऱ्यानं पिशवीतून एक कोरी करकरीत शंभरपानी वही काढली.

"एक मागणं आहे," ते म्हणाले. "मास्तरांच्या घरी त्यांच्या या नाटकाची एकही प्रत नाही. फार वर्षांपूर्वी कोणीतरी जत्रेसाठी म्हणून वही नेली, ती परत आली नाही. नाटकाला वेळ आहे. मी एका कोपऱ्यात बसून तुमच्या वहीवरून उतरून घेऊ का? आज होईल तेवढं घेतो, उरलं तर उद्या."

आणि मी काय म्हणालो असेन? तुम्ही माणसं आहात, तुम्ही 'घ्या' म्हणाला असता. मी कव्हर पुढे केलं आणि लाल शाईवर बोट ठेवलं.

"आजोबा, तसं चालत नाही. अकरा दिवस खपलोय मी. बोटं बघा! उद्या तुम्ही नकलून न्याल आणि साखळीत आमचं नाटक लावाल."

"तुमचं नाटक?"

"मग कोणाचं?"

त्यांनी कोरी वही पिशवीत घातली, पिशवीचं तोंड नीट गाठ मारून बांधलं. मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही. उलट मी आणखी एक कागद पुढे केला. म्हटलं, घरचा माणूस आहे, सहीच घेऊन टाकू, पुंडलिकबाबांचा घोर कायमचा संपेल. 'नाटक करण्यास लेखकाच्या वारसाची हरकत नाही.' म्हाताऱ्यानं कागद वाचला, पेन मागितलं, माझ्या शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि मग सही केली. मी न वाचता घडी घालून खिशात टाकली.

रात्री सातचं नाटक नवाला लागलं, म्हणजे आमच्या मानानं वेळेवर. म्हाताऱ्याला पहिल्या रांगेत पुंडलिकबाबांशेजारी बसवलं. स्टेजवर स्टुलावर फोटो. हार कोणी घालायचा? अर्थात घरच्या माणसानं! म्हातारा काठी टेकत वर आला, फोटोला हार घातला, जरा तिरका होता तो सरळ केला, आणि दोन मिनिटं मान खाली घालून उभा राहिला. माझ्यापेक्षा किती मनापासून!

मग भाषणं. पुंडलिकबाब गदगदले. "मास्तरांचा आणि माझा जुना स्नेह. त्यांच्या हातचा चहा मी प्यालोय. मराठीचा असा सेवक होणे नाही." पुढच्या रांगेतून म्हाताऱ्यानं मान हलवली. मग शाबी, थोरल्या भावाचा रंग लावून. "तो काळजांतल्यान कोंकणी मनीस. हांवें ताका आयकला." म्हाताऱ्यानं त्यालाही मान हलवली. दोन्ही बाजूंनी टाळ्या! सबंध तालुक्यात त्या वर्षी दोन्ही बाजूंनी टाळ्या मिळालेला हा एकच माणूस, आणि तो मेलेला.

नाटक रंगलं. मी विंगेत वही घेऊन, शब्द पुरवायला. मध्येच बक्षिसं. आमच्याकडे काम आवडलं की लोक नाटक थांबवून बक्षीस देतात आणि ते माईकवरून जाहीर करावं लागतं. धाकटा भाऊ रडतोय, आणि मी, "धाकल्याच्या रडण्यावर खूश होऊन वरच्या वाड्याकडून एक नारळ!" परत रडणं चालू. जाहीर कोण करणार? चिटणीस.

तिसरा अंक. शेवट आला. माझा शेवट! तो मी सुट्या कागदावर लिहिला होता, कारण सकाळपर्यंत त्यात सुधारणा चालू होत्या. रमाकांतला तो धड पाठही नव्हता. मी बक्षीस जाहीर करून विंगेत परततो, तर कागद नाहीत! इकडे बघ, तिकडे बघ. मेकपवाल्याच्या हातात भजी, आणि भज्यांखाली माझ्या दोन्ही भावांची मिठी, तेलानं पारदर्शक झालेली.

स्टेजवर शाबीनं हात पुढे केला. "घे तुझा वाटा!"

रमाकांत गप्प.

"घे म्हणतो ना तुझा वाटा!"

रमाकांत माझ्याकडे बघतोय. मी भज्यांकडे बघतोय.

"घे रे बाबा वाटा!" शाबीच्या आवाजात आता खरीच विनवणी.

आणि पहिल्या रांगेतून, अगदी संथ, स्वच्छ आवाज आला, "दादा, वाटा नको."

रमाकांत दचकला. पण बसमध्ये मागून आलेली हाक पुढे पोचवायची त्याला सवय. "दादा, वाटा नको," तो म्हणाला.

"मला एवढंच सांग. मी चोरी केली होती का?"

रमाकांतनं तसंच विचारलं. शाबीला पुढचं ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं आवाज जरा खाली आणून त्यालाही दिलं, "नाही. तू चोर नव्हतास. मला माहीत होतं."

शाबीनं ते म्हटलं, आणि त्याचा पुढे केलेला हात आपोआप खाली आला.

"झालं तर. एवढं गावासमोर म्हणायला तुला इतकी वर्षं लागली. कुळागर ठेव तुलाच."

रमाकांत हे बोलला आणि निघून गेला. मिठी नाही, आरती नाही. पडदा मी पाडला, कारण पाडणारा रडत होता. आणि खरं सांगतो, मीसुद्धा. असा शेवट! आणि मी त्यावर आरती लावली होती! टाळीच पडेना. बायका नाकाला पदर लावून बसलेल्या.

शेवटी पुंडलिकबाब उठले. "बाबा, तुमकां हें कशें खबर?"

"मीच लिहिलंय."

"तुमी कोण?"

म्हाताऱ्यानं काठीनं स्टेजकडे दाखवलं. "तो. हार घातलेला."

बघा आता! ज्यांनी त्यांच्या हातचा चहा प्यायला होता, ते पुंडलिकबाब उभ्याचे कदेलावर बसले. मग मान वळवून विंगेकडे, माझ्याकडे. "दिगंबर! दम्यान गेल्ले न्हय रे?"

"दमा?" मास्तर म्हणाले. "मला साधी शिंक येत नाही."

"सही! सही घेतल्या म्हूण सांगलेलें तुवें!" पुंडलिकबाब ओरडले. मी कागद काढला, उलगडला. खाली ठसठशीत मास्तरी अक्षरात, यशवंत मास्तर. आठ तास माझ्याच खिशात होतं हो! मला वाचता येतं. पंचायतीत त्यासाठीच ठेवलंय मला.

लोक पांगल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पाया पडावं की पळावं? लाज वाटत होती, अगदी आतून. मारल्याची वाटत होती, पण त्याहून जास्त त्या शंभरपानी वहीची. स्वतःचं नाटक नकलून घ्यायला आलेल्या माणसाला मी 'आमचं नाटक' म्हणून हाकललं होतं.

"मास्तर, चुकलो," एवढंच आलं तोंडून.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. थकलेले होते. "दोन दिवस घरी माणसं येताहेत," ते म्हणाले. "आमची ही सगळ्यांना चहा करून दमली. एकानं तर मलाच विचारलं, मास्तर कसे गेले? पण खरं सांगू, चिटणीस? चहावाल्यानं तो कागद दाखवला, तेव्हा आधी माझं नावच दिसलं मला. तीस वर्षं हे नाटक चाललंय, नाव पहिल्यांदा बघितलं छापलेलं. किती बरं वाटलं! मग त्याच्या आधीचं तुमचं ते दिसलं."

मी एक कदेल त्यांच्याकडे सरकवलं.

"मला पैसे नकोत," ते म्हणाले. "नाटक करा. साऱ्या पेडण्यानं करा, डिचोलीनं करा. गावानं नाही करायचं तर कोणी? पण पोर फिरवायचं तर बापाचं नाव लावून फिरवा. आणि बोलवा मला. एक कदेल पुरे. आणि ती वही तेवढी... शेवट मला पाठ आहे हो, पण पहिला अंक मी विसरलोय. म्हातारपणी उलटं होतं."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा रजिस्टराखाली. तेरा दिवस. त्यांच्या कोऱ्या वहीत तीनही अंक उतरले, शेवट त्यांनी सांगितला तसा घेतला, नकलताना मी घुसवलेला हवालदार काढून टाकला. सवयीनं कव्हरावर लाल शाईनं लिहूनही बसलो, 'नक्कल मिळणार नाही.' साखळीला नेऊन दिली तेव्हा मास्तरांनी माझ्यासमोर त्यातलं 'नाही' खोडलं, 'मिळणार'चं 'मिळेल' केलं आणि पुढे लिहिलं, 'नाव गाळू नये.' वहिनींनी मला चहा दिला. माझ्यामुळे किती कप झाले होते ते मी विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा. मास्तर होते हो ते. मास्तर वर्गातला गुन्हा विसरत नाहीत.

पुढल्या वर्षी पुन्हा 'धाकल्याचा वाटा' ठरलं, लोकांनीच मागितलं म्हणून. जाहिरात छापायची वेळ आली तेव्हा मास्तरांचा निरोप आला, 'तुम्ही दमलेले असता. म्हापशाला मी जाऊन कच्चा कागद तपासतो.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत कोणी माझं एक काम वाचवलं होतं का? मी आनंदानं होकार दिला आणि छापून आलेला गठ्ठा न उघडता तसाच रमाकांतच्या हवाली केला.

दोन दिवसांनी परसात नारळ सोलत होतो. रस्त्यावर बस थांबली आणि असा आक्रोश उठला! बघतो तर सावंतवाडीहून माझ्या सासूबाई. रमाकांतच्या खांद्याला धरून उतरताहेत, हातात जाहिरात. देवळापुढे पुंडलिकबाब कदेलावर बसलेले. मी धावलो. पोचता पोचता ती जाहिरात दिसली. वर मोठ्या ठळक अक्षरात, लेखक: यशवंत मास्तर. आणि अगदी तळाला, बारीक टाइपात, आपला नम्र, कै. दिगंबर, चिटणीस.

सासूबाईंनी मला बघितलंच नव्हतं. त्या पुंडलिकबाबांपुढे बसकण मारून विचारत होत्या, "असे कसे गेले हो अचानक? झालं तरी काय होतं त्यांना?"

पुंडलिकबाबांनी मान वर केली. मी समोर उभा, हातात कोयता, अंगभर नारळाचं सोडण. त्यांनी माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक मोठा उसासा सोडला.

"कंटाळ्यान, बाय."